द मंक्स : लष्करी छावणीतून निघालेला काळ्या झग्यांचा बँड

आपण विचारले आहे की, 1960च्या दशकातील ‘द मंक्स’ हा अमेरिकन गॅरेज बँड जर्मनीत कसा घडला, त्याचा आवाज त्या काळातील इतर कोणत्याही बँडसारखा का वाटत नाही, त्याला ‘पहिला पंक बँड’ (पंक म्हणजे 1970च्या दशकातला साधा, आक्रमक रॉक) म्हणणे कितपत रास्त आहे, आणि त्याचे संगीत ऐकायला सुरुवात कुठून करावी. माझा व्यवसाय ध्वनिमुद्रण आणि मास्टरिंगचा असल्यामुळे उत्तरात ध्वनीची बाजू थोडी अधिक येईल, पण या बँडच्या बाबतीत इतिहास आणि ध्वनी वेगळे काढताही येत नाहीत. माझे मत आधीच सांगतो. मंक्सचे संगीत कच्च्या हातांतून किंवा अपघाताने आलेले नाही. रात्र-रात्र नाचाचे संगीत वाजवून तयार झालेल्या पाच वादकांनी, दोन जर्मन व्यवस्थापकांच्या आग्रहावरून, आपल्या संगीतातील एकेक गोष्ट जाणीवपूर्वक काढून टाकली आणि जे उरले ते ठासून वाजवले.

गॅरेज रॉक, म्हणजे हौशी तरुण बँडांचा कच्चा, जोरकस रॉक, ही संज्ञा मंक्सच्या हयातीत रूढ नव्हती. फेब्रुवारी 1964मध्ये बीटल्स अमेरिकन दूरचित्रवाणीवर झळकले आणि त्यानंतर गावोगावच्या शाळकरी मुलांनी गिटार हाती घेतल्या. एखाद्या स्थानिक कंपनीकडून एक-दोन सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांच्या छोट्या तबकड्या, काढायच्या, जिल्ह्यातल्या रेडिओवर आठवडाभर वाजायचे, आणि मग कुणी कॉलेजात तर कुणी सक्तीच्या लष्करभरतीत गेला की बँड संपायचा, असा या बहुतेकांचा जीवनक्रम होता. 1972मध्ये लेखक-गिटारवादक लेनी के यांनी ‘नगेट्स’ हा संग्रह संपादित केला तेव्हा या विखुरलेल्या सिंगल्सकडे एक प्रवाह म्हणून पाहिले जाऊ लागले. त्या पहिल्या संग्रहात मंक्स नाहीत. 1998मध्ये त्याची चार सीडींची विस्तारित आवृत्ती निघाली तेव्हा त्यांना जागा मिळाली. इतर बँड लष्करामुळे मोडत असताना हा बँड मात्र लष्करामुळे जुळला, हा त्यांच्या कथेतला पहिला उलटा धागा.

फ्रँकफर्टच्या पूर्वेला, हेसे प्रांतात गेल्नहाउझेन हे जुने, लहानसे शहर आहे. शीतयुद्धाच्या काळात तेथे अमेरिकेच्या थर्ड आर्मर्ड डिव्हिजनच्या तुकड्या असत. एल्व्हिस प्रेस्ली यांनी लष्करी सेवा केली तीही याच डिव्हिजनमध्ये, तेथून फार लांब नसलेल्या फ्रीडबर्गला. मिनेसोटाचे गॅरी बर्गर, वॉशिंग्टन राज्यातले डेव्ह डे, नेव्हाडाचे एडी शॉ, शिकागोचे लॅरी क्लार्क आणि टेक्सासचे रॉजर जॉन्स्टन हे पाच जण अमेरिकेच्या पाच कोपऱ्यांतून आलेले होते. एरवी त्यांची गाठ पडण्याचे काहीच कारण नव्हते. आधी बर्गर आणि डे छावणीत जोडीने वाजवत. पुढे ‘द टॉर्केज’ नावाचा पाच जणांचा बँड उभा राहिला, आणि लष्करातून सुटका झाल्यावर घरी परतण्याऐवजी ते जर्मनीतच क्लबांमध्ये वाजवू लागले.

हा टप्पा बहुतेक लेखांत दोन ओळींत उरकला जातो. तो तसा उरकण्यासारखा नाही. त्या काळच्या जर्मन क्लबांत बँडला एकाच ठिकाणी सलग काही आठवडे ठेवून घेत आणि रोज रात्री पाच-सहा तास वाजवून घेत. लोक ऐकायला कमी आणि नाचायला अधिक येत. त्यामुळे ठेका ढळला की नाचणारे जागेवर बसत आणि मालकाचा चेहरा बदले. चक बेरी यांची गाणी, सर्फ संगीत, बीटल्सची नवी गाणी असा नेहमीचा माल टॉर्केज वाजवत होते. असे महिनोन्‌महिने वाजवल्यावर बेस आणि ड्रम यांच्यात जी जुळणी येते ती तालमीच्या खोलीत येत नाही. मंक्सच्या मुद्रणात बेस आणि ड्रम एकाच माणसाने वाजवल्यासारखे बरोबर पडतात, त्याचे मूळ येथे आहे.

स्टुटगार्टमधील एका क्लबात वाजवत असताना कार्ल रेमी आणि वाल्टर नीमान या दोन तरुण जर्मनांनी त्यांना ऐकले. दोघेही डिझाइनचे शिक्षण घेतलेले होते आणि जाहिरातीच्या भाषेत विचार करणारे होते. बीटल्सची गोड, हसरी प्रतिमा युरोपभर विकली जात असताना तिच्या नेमका विरुद्ध टोकाचा बँड उभा करावा, अशी त्यांची कल्पना होती. नाव ‘मंक्स’ म्हणजे मठवासी संन्यासी, अंगावर काळे झगे, गळ्यात टायऐवजी दोराचा फास, आणि टाळूवरचे केस गोल तासून भोवती कड ठेवलेली, असे रूप ठरले. जुन्या ख्रिस्ती मठवाशांची टाळू अशीच तासलेली असे. केवळ रंगमंचावर नव्हे, तर रस्त्याने जातानाही याच वेशात राहायचे, असा दंडक होता. केसांची लांबी हेच बंडाचे चिन्ह असलेल्या काळात टाळू तासणे म्हणजे तरुण आणि वडीलधारे या दोघांनाही एकदम दुखावणे होते. हा सर्व देखावा व्यवस्थापकांचा, हे खरे. मात्र देखाव्याबरोबर त्यांनी संगीतालाही हात घातला आणि गाण्यांतून सजावट काढून टाकण्याचा आग्रह धरला. माझ्या दृष्टीने त्यांचे खरे योगदान तेच आहे.

आता ध्वनीकडे वळतो. डेव्ह डे यांनी ऱ्हिदम गिटार खाली ठेवून सहा तारांचा, गिटारसारखा जुळवलेला बँजो घेतला आणि त्याच्या आत मायक्रोफोन बसवून तो अँप्लिफायरला जोडला. बँजोची तार छेडली की नाद क्षणात विरतो, कारण तारेची ऊर्जा ताणलेला पडदा फार लवकर हवेत सोडून देतो. गिटारचा कॉर्ड दोन-तीन सेकंद रेंगाळतो आणि गाण्यातल्या फटी भरतो. बँजोचा कॉर्ड ठोका पडताच संपतो. परिणामी बँजो स्वरवाद्य न राहता तालवाद्य झाला आणि मिरवणुकीतल्या ढोलांच्या घुमाऱ्यावर ताशा तडतडावा तसा तो बेसवर तडतडू लागला. मंक्सच्या मुद्रणात जो धातूसारखा कोरडा खणखणाट सतत ऐकू येतो तो हा बँजो आहे, हे अनेकांना पहिल्यांदा कळतही नाही.

जॉन्स्टन यांनी ड्रममधल्या झांजा, म्हणजे सिंबल, जवळजवळ बाद केल्या आणि सारा भार टॉम-टॉम व स्नेअर या ड्रमांवर टाकला. ध्वनिमुद्रकाच्या नजरेतून हा निर्णय विलक्षण आहे. एका खोलीत सर्वांना एकत्र वाजवून मुद्रण करताना सर्वांत मोठी डोकेदुखी सिंबलचीच असते. तिचा आवाज खोलीतल्या प्रत्येक मायक्रोफोनमध्ये शिरतो, गायकाच्या शब्दांवर साचतो आणि वरच्या कंप्रतांचा पट्टा व्यापून टाकतो. सिंबल काढली की तो पट्टा मोकळा होतो. मंक्सनी ती मोकळी जागा बँजोची तडतड, फझ (आवाज मुद्दाम खरखरीत करणारे उपकरण) लावलेली गिटार आणि बर्गर यांचा चिरका, ताणलेला आवाज यांना दिली. लॅरी क्लार्क फिलिकॉर्डा हे फिलिप्स कंपनीचे इलेक्ट्रॉनिक ऑर्गन वाजवत. हे यंत्र घरगुती वापरासाठी बनवलेले होते आणि त्याचा मूळ आवाज दिवाणखान्यात शोभेल असा सौम्य आहे. क्लार्क त्यावर लांब, मधुर सुरावटी न वाजवता तुटक, टोचणारे सूर आणि मध्येच भोवऱ्यासारखी फिरणारी वळणे घेतात. एडी शॉ यांचा बेस तर इतका पुढे आहे की काही गाण्यांत तोच मुख्य स्वरवाद्य ठरतो. या साऱ्या ठासून वाजवण्याला बँड स्वतः ‘ओव्हरबीट’ म्हणत असे.

या छाटणीचा पुरावा एकाच गाण्यात सापडतो, म्हणून त्यावर थोडा थांबतो. टॉर्केज असताना त्यांनी 1964मध्ये स्वतःच्या खर्चाने एक सिंगल काढली होती. तिच्यावरचे ‘बॉईज आर बॉईज’ हे गाणे त्या काळच्या कोणत्याही बीट, म्हणजे बीटल्सच्या धाटणीच्या, गाण्यासारखे आहे. गिटार सरळ साथ करते, गाणे हसत-खेळत पुढे जाते, आणि ते ऐकून तुम्ही विसरूनही जाल. पुढे मंक्सच्या अल्बमवर हेच गाणे थोड्या लांब शीर्षकासह पुन्हा आले. शब्दांचा गाभा तोच, माणसेही तीच. पण आता प्रत्येक वाद्य एकाच ठोक्यावर आदळते, गाण्याचा सांधा न सांधताच एका तुकड्यातून दुसऱ्यात उडी मारली जाते, आणि सामूहिक स्वर सुरेल साथीऐवजी छावणीतल्या कवायतीच्या घोषणांसारखे कापले जातात. ही दोन मुद्रणे लागोपाठ ऐकली की ‘त्यांना वाजवता येत नव्हते’ हा आक्षेप आपोआप गळून पडतो. पहिल्या मुद्रणात त्यांना नीट वाजवता येत असल्याचे स्पष्ट ऐकू येते.

फीडबॅकबद्दलही वेगळे लिहायला हवे. सदस्यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी की, एका तालमीत बर्गर चालू गिटार अँप्लिफायरला टेकवून बाहेर गेले, स्पीकरचा आवाज तारांना पुन्हा कंपित करू लागला, गिटार आपोआप किंचाळू लागली, आणि ती बंद करण्याऐवजी जॉन्स्टन यांनी तिच्यावर ठेका धरला. यामागची क्रिया साधी आहे. गिटारवर बसवलेला पिकअप तारेचे कंपन पकडतो, अँप्लिफायर ते मोठे करतो, स्पीकरमधून निघालेला ध्वनी तीच तार पुन्हा हलवतो, आणि हे चक्र एखाद्या ठराविक स्वरावर स्थिरावते. तो स्वर कोणता असेल हे गिटारचे स्पीकरपासूनचे अंतर, कोन आणि व्हॉल्यूम यांवर ठरते. गिटार हातभर पुढे-मागे केली तरी स्वर बदलतो. बीटल्सनी 1964च्या अखेरीस एका गाण्याच्या आरंभी फीडबॅकचा एकच सूर ठेवला होता, त्यामुळे ‘फीडबॅकचा शोध मंक्सनी लावला’ असे जे लिहिले जाते ते टिकत नाही. मंक्सचे वेगळेपण इतकेच, पण ते महत्त्वाचे आहे, की त्यांनी फीडबॅकला गाण्याच्या दारातली गंमत न मानता ठेक्यात बांधला. गाण्याच्या ठरलेल्या जागी तो येतो आणि ठरलेल्या जागी तुटतो.

नोव्हेंबर 1965मध्ये कोलोन येथे, पॉलिडोर कंपनीचे निर्माते जिमी बोव्हिएन यांच्या देखरेखीखाली, त्यांचा एकमेव स्टुडिओ अल्बम मुद्रित झाला आणि मार्च 1966मध्ये ‘ब्लॅक मंक टाइम’ या नावाने जर्मनीत प्रसिद्ध झाला. बारा गाणी, एकूण वेळ सुमारे अर्धा तास. वेष्टन जवळजवळ कोरे काळे, त्यावर फक्त अक्षरे. बँडचे हसरे छायाचित्र छापणे हा नियम असलेल्या काळात हीसुद्धा डिझाइन शिकलेल्या माणसांचीच करामत. पहिल्याच गाण्यात बर्गर आपल्याला लष्कर आवडत नसल्याचे सांगतात आणि व्हिएतनाममध्ये मुलांना का मारता असा सवाल ओरडून विचारतात. हे शब्द मुद्रित होत होते त्याच महिन्यात इया द्रांगच्या खोऱ्यात अमेरिकन सैन्याची उत्तर व्हिएतनामी सैन्याशी पहिली मोठी लढाई झाली. काही काळापूर्वीपर्यंत त्याच सैन्याचा गणवेश घातलेल्या माणसांच्या तोंडून ते येत होते. अल्बम त्या वेळी अमेरिकेत प्रसिद्ध झालाच नाही. एका अमेरिकन बँडचे संगीत अमेरिकन दुकानांत तीस वर्षे मिळाले नाही, यामुळेच तो इतका अज्ञात राहिला.

जर्मनीत मात्र ते अगदीच अज्ञात नव्हते. हँबुर्गच्या टॉप टेन क्लबमध्ये त्यांनी दीर्घकाळ वाजवले, जेथे 1961मध्ये बीटल्सही वाजवून गेले होते. मोठ्या शहरांत त्यांना चाहते मिळाले. लहान गावांत लोक नुसते पाहत राहत, कारण संन्याशाचा वेश ही तेथे थट्टेची गोष्ट नव्हती. एका कार्यक्रमात चिडलेल्या प्रेक्षकाने बर्गर यांचा गळाच धरल्याचे बँडचे सदस्य सांगत. 1966मध्ये त्यांनी ‘बीट-क्लब’ आणि ‘बीट, बीट, बीट’ या जर्मन दूरचित्रवाणी कार्यक्रमांत वाजवले आणि ती चित्रणे सुदैवाने टिकली आहेत. त्यांतला एक प्रसंग जरूर पाहावा. गिटार जमिनीवर आडवी ठेवली जाते, काळे झगे घातलेली माणसे तिच्याभोवती वाकतात आणि एकाच गिटारवर सगळे मिळून हात चालवतात, मागे टॉम-टॉमचा ठेका अखंड चालू असतो. समोरची तरुण मंडळी जराशी गोंधळतात आणि तरीही नाचत राहतात. रात्र-रात्र नाचवण्याचे कसब त्या क्षणीही सुटलेले नाही, हे त्या चित्रणात स्वच्छ दिसते.

पुढची कथा मात्र लवकर आटोपते. अल्बम फारसा खपला नाही, आणि त्यानंतरच्या सिंगल्स मवाळ होत गेल्या. 1967ची शेवटची सिंगल तर त्या वर्षीच्या वाऱ्याबरोबर वाहणारी, गोडसर आहे. ती वाईट नाही, पण कोणत्याही दहा बँडांनी केली असती. झगे आणि फास यांचाही कंटाळा येऊ लागला होता. 1967मध्ये त्यांचा आशियाचा दौरा ठरला आणि त्यात व्हिएतनामचाही समावेश होता. ज्या युद्धाविरुद्ध पहिल्या गाण्यात ओरडले, त्याच युद्धभूमीवर सैनिकांचे मनोरंजन करायला जायचे होते. निघण्याच्या ऐन वेळी जॉन्स्टन टेक्सासला परतले, दौरा बारगळला आणि बँड संपला.

‘पहिला पंक बँड’ या बिरुदाबद्दल मी सावध आहे. साम्य उघड आहे, हे मान्य. लहान गाणी, एकसुरी ठेका, द्वेष आणि ‘तोंड बंद कर’ अशा आशयाची शीर्षके, सजावटीचा तिटकारा, आणि प्रेक्षकाला खूश करण्याची अनिच्छा या साऱ्या गोष्टी 1976च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पुन्हा दिसतात. परंतु इतिहासात साम्य आणि वारसा या दोन वेगळ्या बाबी आहेत. न्यूयॉर्कच्या रामोन्स या पंक बँडचा पहिला अल्बम 1976चा. त्याआधी मंक्सची जर्मन तबकडी अमेरिकन मुलांच्या हाती पडण्याचा मार्गच नव्हता. थेट प्रभाव दिसतो तो पुढे, उदाहरणार्थ 1990मध्ये ‘द फॉल’ या ब्रिटिश बँडने त्यांच्या दोन गाण्यांवर आपली गाणी बेतली तेव्हा. त्यामुळे मंक्सना पंकचे पूर्वज न म्हणता, त्याच निष्कर्षापर्यंत दहा वर्षे आधी आणि पूर्ण वेगळ्या वाटेने पोहोचलेले म्हणावे. पंकमध्ये ‘कुणीही वाजवू शकतो’ ही घोषणा होती. मंक्सचे संगीत कुणालाही वाजवता येत नाही. आपल्या बँडसोबत त्यांचे एखादे गाणे वाजवून पाहा. सूर दहा मिनिटांत सापडतील. पण पाचही जण ठोक्यावर इतके घट्ट राहणे आणि तीन मिनिटे कोणीही हात सैल न सोडणे किती अवघड आहे, ते लगेच कळेल.

पुनर्शोधाचे श्रेय संग्राहकांना आणि लहान कंपन्यांना आहे. 1994मध्ये शॉ यांचे आत्मकथन अल्बमच्याच नावाने प्रसिद्ध झाले आणि 1997मध्ये अल्बम एकदाचा अमेरिकेत निघाला. नोव्हेंबर 1999मध्ये न्यूयॉर्कच्या कॅव्हस्टॉम्प महोत्सवात मूळ पाचही जण पुन्हा एकत्र वाजले. तीस वर्षांहून अधिक खंडानंतर मूळ संच तसाच उभा राहणे ही गोष्ट गॅरेज बँडांच्या बाबतीत दुर्मीळ आहे. 2006मध्ये त्यांच्यावरचा माहितीपट आला. जॉन्स्टन 2004मध्ये आणि डे 2008मध्ये निवर्तले. बर्गर मिनेसोटात ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करीत असत आणि टर्टल रिव्हर या चिमुकल्या गावाचे महापौरही झाले. 2014मध्ये त्यांचे निधन झाले. ज्यांच्या गळ्यात फास आणि ओठांवर शिव्याशाप होते त्यांनी उतारवयात गावाच्या रस्त्या-गटारांची चर्चा चालवली, याची मला गंमत वाटते.

ऐकण्याचा क्रम विचारलात म्हणून सुचवतो. आधी टॉर्केजची सिंगल ऐका. 1964-65ची त्यांची प्रारंभीची मुद्रणे 2009मध्ये संग्रहरूपाने निघाली आहेत. मग त्या मुद्रणांशी असलेला फरक लक्षात घेत ‘ब्लॅक मंक टाइम’ सलग ऐका, आणि शक्यतो स्पीकरवर ऐका, कारण हेडफोनवर बँजो आणि फझ कानाला लवकर थकवतात व मग बेसकडे लक्ष जात नाही. पहिल्या फेरीत फक्त बेस आणि टॉम-टॉम यांच्या मागे राहा, शब्दांकडे दुसऱ्या फेरीत वळा. सुटी गाणी घ्यायची असतील तर ‘कॉम्प्लिकेशन’पासून आरंभ करावा, कारण त्यात बँडची सारी हत्यारे सव्वादोन-अडीच मिनिटांत येऊन जातात. त्यानंतर 1967ची हँबुर्गची मुद्रणे ऐका. ती 2017मध्ये प्रथमच प्रसिद्ध झाली आहेत आणि कंपनीचा दबाव वाढल्यानंतरही बँडमध्ये किती शिल्लक होते, ते त्यांतून ऐकू येते. शेवटची मवाळ सिंगल हवी तर नंतर ऐका. नाही ऐकली तरी चालेल.